धाकट्यांना आपण काय सांगतो?

दहावीचा निकाल लागला की महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्यासारख्यांना घरोघरी एकाएकी भाव येतो. एरवी "काय रे, काय शिकतोस?" एवढेही न विचारणारे शेजारचे काका पेढा हातावर ठेवून विचारतात, "आता आमच्या पोराला कुठे घालावे?" या 'घालावे' शब्दातच सगळे आले. पोराला एखाद्या शाखेत घालावयाचे असते. त्याने स्वतः काही निवडावयाचे असते, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

आणि यावर आपण काय उत्तर देतो? गेली दोन वर्षे मी माझ्या वर्गबंधूंची व वर्गभगिनींची उत्तरे कान देऊन ऐकली आहेत. ती साधारणपणे दोनच असतात. एक, "आर्ट्‌सला नको, स्कोप नाही." दुसरे, "झेपत नसेल तर आर्ट्‌सला टाका, सोपे असते." ही दोन्ही उत्तरे देणारे आपण कलाशाखेचेच विद्यार्थी! पहिल्या उत्तरात आपल्या निराशेची वाफ असते आणि दुसऱ्यात आपल्याच अभ्यासाचा अपमान. विचारणाऱ्या मुलाचा विचार मात्र दोहोंतही नसतो. माझे म्हणणे असे की, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची दोन वर्षे ज्यावर अवलंबून आहेत, असा सल्ला इतक्या बेफिकिरीने देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

ही निवड दहावीनंतरच का येऊन पडते, हेही जरा पाहण्यासारखे आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचविला. पहिली दहा वर्षे सर्वांना सारखे सामान्य शिक्षण द्यावे आणि विषयांची वाटणी त्यानंतर व्हावी, ही त्यामागची दृष्टी. महाराष्ट्रात या आकृतिबंधातील दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली. म्हणजे दहावीपर्यंत मुलाला सर्व विषयांची तोंडओळख व्हावी आणि मग त्याने आपला कल ओळखावा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कल ओळखण्याचे काम गुणपत्रिकेवर सोपविले गेले. ऐंशीच्या वर विज्ञान, साठच्या वर वाणिज्य आणि उरलेले कलाशाखेला, अशी एक अलिखित वर्णव्यवस्थाच समाजाने तयार केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यामध्ये कडक भिंती नसाव्यात असे म्हटले खरे. परंतु आपल्या बैठकीच्या खोलीतली भिंत धोरणाने पडत नाही.

याबाबतीत सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद म्हणजे, "सायन्स घ्या, सगळी दारे उघडी राहतात." यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. बारावी विज्ञान झालेल्याला पुढे कलाशाखेत किंवा वाणिज्य शाखेत येता येते. कलाशाखेतून विज्ञानाकडे जाता येत नाही. परंतु दार उघडे ठेवण्याचीही किंमत असते. गावच्या मराठी शाळेत दहा वर्षे शिकलेल्या मुलासमोर अकरावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून येऊन उभे राहते. ज्याला त्या विषयांची ओढ आहे, तो शब्दकोश उशाशी घेऊन तो डोंगर चढतो. असे कितीतरी चढले आहेत. पण ज्याला ओढच नाही, त्याला दोन वर्षे केवळ दार धरून उभे केले जाते. बारावीनंतर तो आपल्या वर्गात येतो तेव्हा पुष्कळदा आत्मविश्वास गमावूनच येतो. अशी मुले आपल्या प्रत्येकाच्या बाकावर आहेत.

गेल्या जूनमध्ये आमच्या शेजारची एक मुलगी माझ्याकडे आली. दहावीला एक्क्याऐंशी टक्के, गणित चांगले, भूगोलाची विशेष आवड. घरचे म्हणत होते विज्ञान, आणि तिला वाटत होते की विज्ञान घेतले तर भूगोल सुटला. मी तिला कोणतीही शाखा सुचविली नाही. आम्ही तीन-चार कामे तेवढी केली. बालभारतीची अकरावीची पुस्तके मिळवून प्रत्येक विषयाचे एकेक प्रकरण तिने चार-चार दिवस वाचले. मग विषयांची यादी पाहिली. इंग्रजी, एक दुसरी भाषा आणि चार वैकल्पिक विषय अशी ही मांडणी. या यादीतच तिला कळले की, भूगोल विज्ञान शाखेतही घेता येतो आणि गणित कलाशाखेतही. एवढी साधी गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. तिच्या वडिलांना नाही आणि, खरे सांगायचे तर, आपल्यापैकी निम्म्या जणांनाही ती ठाऊक नसते.

त्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड निघाला. यादीत विषय असणे वेगळे आणि महाविद्यालयात तो शिकविला जाणे वेगळे. कलाशाखेत गणित शिकविणारे कनिष्ठ महाविद्यालय आमच्याकडून दीड तासाच्या अंतरावर; परतीची शेवटची एसटी वर्ग सुटण्यापूर्वीच निघणारी. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि अर्जात दहा महाविद्यालयांपर्यंत पसंती देण्याची सोय आली. पण त्या दहा रकान्यांत एसटीचे वेळापत्रक कोठेच नसते. ते आम्ही स्थानकावर जाऊन उतरवून आणले. शेवटी तिने जवळच्या महाविद्यालयात विज्ञान शाखा घेतली. भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्राऐवजी भूगोल. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला जीवशास्त्र लागते, हे तिला माहीत होते. ते दार तिने जाणूनबुजून सोडले. कलाशाखेचा अभिमानी म्हणून मला क्षणभर चुटपुट लागली. परंतु सल्ला देणे म्हणजे आपल्या पक्षाची सभासद-नोंदणी नव्हे. तिने घेतलेल्या प्रत्येक विषयाचे कारण तिला सांगता येत होते, हे मला पुरेसे वाटते.

कोणी म्हणेल, "हे सगळे ठीक, पण पोटाचे काय?" प्रश्न योग्य आहे, आणि त्याला गोड उत्तर देऊ नये. कलाशाखेची पदवी घेतली की नोकरी चालत येते, असे सांगणे ही फसवणूक आहे. बारावीनंतर कोणत्याही शाखेतून पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला जाता येते, अध्यापन पदविका करता येते, पदवीनंतर लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देता येतात, हे सांगावे. त्याच दमात, तेथे एकेका जागेमागे किती उमेदवार उभे असतात हेही सांगावे. पण हा हिशेब विज्ञानालाही तितकाच लागू आहे, हे मात्र विसरू नये. नावडत्या विषयात जेमतेम उत्तीर्ण झालेल्याला कोणत्याच शाखेत स्कोप नसतो.

विषय निवडता येणे ही गोष्ट आपल्याला क्षुल्लक वाटते, कारण ती आपल्याला फुकट मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून त्यांना ते शिकू दिले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर केला. ज्या समाजात 'तू हा विषय शिकायचा नाहीस' असे मुलाला सांगितले गेले, त्याच समाजात आज आपण 'तुझ्या टक्क्यांत हाच विषय बसतो' असे सहज म्हणून जातो. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही, हे मी जाणतो. परंतु मुलाला न विचारता त्याचा विषय ठरविण्याची सवय किती जुनी आहे, एवढे तरी यावरून दिसते.

म्हणून एक सूचना मांडून हा लेख संपवितो. आपल्या महाविद्यालयाने दरवर्षी दहावीच्या परीक्षेनंतर आसपासच्या माध्यमिक शाळांत दोन दिवस जावे. प्राध्यापकांनी आपापल्या विषयाविषयी अर्धा तास बोलावे. तर्कशास्त्र म्हणजे काय, समाजशास्त्रात काय वाचतात, अर्थशास्त्राला गणित का लागते, हे मुलांच्या भाषेत सांगावे. आपण विद्यार्थ्यांनी सोबत अकरावीची पुस्तके, कोठे कोणता विषय शिकविला जातो याची यादी आणि एसटीचे वेळापत्रक न्यावे. खर्च फारसा नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो; त्यात हे एक काम सहज बसेल. आणि तोवर, कोणी पेढा हातावर ठेवून विचारलेच, तर "स्कोप नाही" म्हणण्यापूर्वी निदान एवढे विचारावे: "मुलाला स्वतःला काय वाचावेसे वाटते?"