संगणकात नाव कुणाचे?

मागील खेपेस या सदरात आम्ही वाण्याच्या वजनकाट्यावरील शिक्क्याविषयी लिहिले होते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वैधमापन खात्याकडून वर्षातून एकदा करून घ्यावी लागते, एवढीच माहिती त्यात होती. त्यावर अंबरनाथच्या एका वाचक भगिनींनी पोस्टकार्ड पाठवून विचारले आहे, "काट्याला शिक्का मारणाऱ्या साहेबांचे वजन बरोबर आहे, हे कोण बघतो?"

प्रश्न साधा दिसतो. पण ज्या शास्त्रावर आज कारखाने, दवाखाने आणि न्यायालयेसुद्धा चालतात, त्या शास्त्राच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

साहेबांचे वजन त्याहून वरच्या प्रयोगशाळेतील वजनाशी ताडून पाहिलेले असते. ते वजन आणखी वरच्या वजनाशी. ही साखळी चढत चढत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तेथे प्लॅटिनम-इरिडियमचा 57 क्रमांकाचा किलोग्रॅम जपून ठेवलेला आहे. तो फ्रान्समधील सेव्र येथल्या मूळ ठोकळ्याची प्रत होय. 1889 पासून तो मूळ ठोकळा म्हणजेच किलोग्रॅम असे जग मानत होते. 20 मे 2019 पासून मात्र किलोग्रॅम कोणत्याही ठोकळ्यावर अवलंबून राहिलेला नाही. तो आता निसर्गातील एका ठरावीक संख्येवरून, प्लांकच्या स्थिरांकावरून, ठरवला जातो. खालच्या यंत्राला वरच्या यंत्राशी ताडून त्याची चूक किती आहे ते कागदावर लिहून देणे, याला कॅलिब्रेशन म्हणतात. आणि ताडलेल्या यंत्राने एखादी वस्तू तपासणे म्हणजे टेस्टिंग. आपल्या इमारतीचे काँक्रीट 150 मिलिमीटरच्या ठोकळ्यात भरतात आणि 28 दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात, ती झाली टेस्टिंग. ते दाबण्याचे यंत्रच खोटे बोलत असेल तर? म्हणून आधी त्याचे कॅलिब्रेशन.

आता हे सगळे काम कागदाच्या वहीतून संगणकात चालले आहे. त्याची एक बाजू आम्हाला आमच्याच ओळखीच्या घरात पाहायला मिळाली. ती आज सांगावीशी वाटते.

आमच्या वस्तीतील एक मुलगी डिप्लोमा करून औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत लागली. प्रेशर गेज, व्हर्निअर, थर्मामीटर तपासायचे काम. घरात पहिलीच अशी नोकरी. तिचे वडील वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, हयातभर फिटर. एका रविवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा बापलेकीचा वाद रंगला होता.

"पोरी, रजिस्टरात कुणी आकडा फिरवला तर खाडाखोड दिसायची," वडील म्हणत होते. "संगणकात खाडाखोड कुठं दिसते? पुसलं की गेलं!"

"अप्पा, तसं नाही हो. उलट आहे," ती म्हणाली. "तुमच्या रजिस्टरात पान फाडलं की संपलं. आमच्याकडे जुना आकडा जातच नाही. तो तसाच खाली राहतो. कुणी बदलला, कधी बदलला, किती वाजता, सगळं लागतं."

मुलगी बरोबर सांगत होती. प्रयोगशाळांसाठी आयएसओ/आयईसी 17025 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. 1999 साली ते प्रथम आले, 2005 मध्ये सुधारले, आणि सध्या 2017 ची आवृत्ती लागू आहे. नोंद दुरुस्त केली तर मूळ नोंद आणि दुरुस्त केलेली नोंद दोन्ही ठेवायच्या, दुरुस्तीची तारीख ठेवायची, काय बदलले ते आणि कुणी बदलले ते ठेवायचे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. संगणकाची प्रणाली वापरात आणण्याआधी ती बरोबर चालते की नाही हे तपासून घ्यावे, हेही त्यातच आहे. आपल्याकडे या मानकाप्रमाणे प्रयोगशाळांना मान्यता देते ती एनएबीएल. ती भारतीय गुणवत्ता परिषदेचा एक भाग आहे.

वहीच्या काळात काय चालत असे, याविषयीही भाबडे राहायचे कारण नाही. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे माप घ्यायचे तर खोलीचे तापमान 20 अंशांच्या आसपास राखावे लागते, कारण लोखंड गरम झाले की वाढते. ते तापमान सकाळ-संध्याकाळ रजिस्टरात लिहायचे असते. कित्येक ठिकाणी शनिवारी दुपारी एकाच पेनाने, एकाच बैठकीत आठवड्याचे आकडे भरले जात. 20.1, 20.2, 20.1. जून महिन्यातही तेच, डिसेंबरातही तेच! आता भिंतीवर डेटा लॉगर बसवतात. तो दर काही मिनिटांनी स्वतःच नोंद करतो. रात्री दोन वाजता एसी बंद पडला तर तेही लिहून ठेवतो. त्याला शनिवार नसतो.

पण या मुलीवर जो प्रसंग आला तो संगणकामुळेच आला.

तिच्या प्रयोगशाळेतील मास्टर थर्मामीटर वरच्या प्रयोगशाळेतून तपासून परत आला. सोबतच्या प्रमाणपत्रात लिहिले होते की, एका ठिकाणी दाखवलेल्या आकड्यातून 0.3 अंश वजा करा. हा आकडा एक्सेलच्या तक्त्यात भरायचा होता. भरणाऱ्याकडून वजाचे चिन्ह राहून गेले. झाले! वजा 0.3 ऐवजी अधिक 0.3, म्हणजे 0.6 अंशांचा फरक. कागदावर हिशेब होत असता तर एकाने चूक केली असती, दुसऱ्याने कदाचित पकडली असती. तक्त्यात ती एकदाच झाली आणि पुढचे तीन आठवडे प्रत्येक प्रमाणपत्रात आपोआप उतरली. एकूण 37 प्रमाणपत्रे. त्यातले काही थर्मामीटर लसींच्या फ्रिजमधले होते. लसी 2 ते 8 अंशांत ठेवतात. हिपॅटायटिस बी सारखी लस गोठली की निकामी होते, आणि निकामी झालेली लस बाहेरून बऱ्याचदा ओळखू येत नाही. खालच्या टोकाला 0.6 अंश ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

चूक सापडली ती नियमानेच. दर तिमाहीला मास्टर थर्मामीटर दुसऱ्या एका थर्मामीटरशी ताडून पाहायची पद्धत तेथे होती. आकडे जुळेनात. शोध सुरू झाला. संगणकाने तक्ता कुणी बदलला ते दाखवले: शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. आणि नाव? या मुलीचे.

मॅनेजर साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावले. संगणक खोटे बोलत नाही, असे ते म्हणाले. राजीनामा लिहून दे, चौकशी वगैरे नको, असेही सुचवले. मुलगी घरी येऊन रात्रभर रडली. आईने जेवणाचे ताट तसेच झाकून ठेवले. अप्पा मात्र अंथरुणावर बसून राहिले. पहाटे त्यांनीच विचारले, "त्या शनिवारी तू कुठं होतीस?"

त्या शनिवारी ती मावसबहिणीच्या लग्नाला गावी गेली होती! हजेरीपटावर लाल शाईने रजा मांडलेली होती, आणि तो हजेरीपट कागदाचा होता.

मग गोष्ट उघडकीस आली. सकाळी सर्वांत आधी येऊन संगणक ती सुरू करी. दिवसभर सगळे तिच्याच नावाने, तिच्याच पासवर्डने काम करीत. कुणी सिनियर "ताई, तुझा पासवर्ड सांग गं जरा" म्हणाला की ती सांगून टाकी. नवीन मुलीने नाही कसे म्हणायचे? ती रजेवर असतानाही तोच पासवर्ड चालू होता. तिची नोकरी राहिली. तक्त्याला कुलूप लागले, प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड मिळाला, भरलेला आकडा दुसऱ्याने तपासल्याशिवाय तक्ता उघडणार नाही अशी सोय झाली. 37 गिऱ्हाइकांना पत्रे गेली आणि थर्मामीटर परत मागवले. ज्याने आकडा भरला होता त्याने शेवटपर्यंत तोंड उघडले नाही. मॅनेजर साहेबांनीही तिला "चूक झाली" एवढे म्हटले नाही. आम्हाला विचाराल तर या साऱ्या प्रकरणात हीच एक गोष्ट दुरुस्त व्हायची राहून गेली.

वाचकांना वाटेल, छोट्या प्रयोगशाळेत असे होणारच. तसे नाही. इंग्लंडमध्ये 2020 साली कोरोनाच्या साथीत प्रयोगशाळांचे निकाल सरकारच्या आरोग्य संस्थेकडे संगणकावरून येत. ते एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत घेतले जात होते. त्या फाइलीत 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्यापुढचे निकाल मुकाट्याने गळून पडले. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या आठ दिवसांत 15,841 बाधित लोक मोजणीतून सुटले. त्या लोकांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर सावध करणे राहून गेले. तपासणी बरोबर, यंत्र बरोबर, निकालही बरोबर. फक्त त्याला ठेवायला जागा नव्हती.

आणि ज्यांना जुन्या वहीचा फार अभिमान आहे, त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे उदाहरण ध्यानात घ्यावे. तेथल्या सरकारी प्रयोगशाळेतील एक रसायनतज्ज्ञ बाई पोलिसांनी पकडलेली पावडर न तपासताच, नुसती पाहून, ती अमली पदार्थ असल्याचे दाखले देत होत्या. त्यांचे काम सहकाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघे म्हणून वरिष्ठ खूश! 2012 साली प्रकरण फुटले, 2013 मध्ये त्यांना शिक्षा झाली, आणि 2017 मध्ये न्यायालयाने 21 हजारांहून अधिक खटले रद्द केले. तोवर कित्येकांनी तुरुंगवास भोगला होता. ज्याच्याजवळ वकिलाला द्यायला पैसा नाही, तो प्रयोगशाळेच्या कागदापुढे काय बोलणार? नमुना यंत्रात खरोखर गेला का, किती वाजता गेला, ही नोंद यंत्र स्वतः ठेवत असेल तर असल्या दाखल्यांना पायबंद बसतो. जपानच्या कोबे स्टील कंपनीने 2017 साली कबूल केले की, तपासणीचे आकडे फिरवून पाचशेहून अधिक गिऱ्हाइकांना माल गेला. यंत्रावरचे आकडे माणसाच्या हाताला न लागता थेट संगणकात जावेत, हा त्यानंतर त्यांनी पत्करलेल्या उपायांपैकी एक होता.

आपल्याकडे मात्र बऱ्याच ठिकाणी अजून गंमतच चालते. यंत्रावरचा आकडा कागदावर लिहायचा, कागदावरून एक्सेलमध्ये टाकायचा, त्याचा छापा काढायचा, छाप्यावर सही करायची, मग तो स्कॅन करून पाठवायचा, आणि याला डिजिटल म्हणायचे! जर्मनीच्या राष्ट्रीय मापन संस्थेने, पीटीबीने, यापुढचे पाऊल टाकले आहे. तेथे अशा प्रमाणपत्राचा नमुना तयार झाला आहे की, ते माणसाने वाचून आकडे पुन्हा भरायचे नाहीत, यंत्रच ते थेट वाचते. तसे प्रमाणपत्र असते तर आमच्या मुलीच्या प्रयोगशाळेत वजाचे चिन्ह गळाले नसते. अर्थात मूळ प्रमाणपत्रातच चूक असेल तर तीही तितक्याच वेगाने पसरेल, हे उघड आहे.

आता घरच्या उपयोगाची गोष्ट. पाणी, दूध किंवा बांधकामाचा माल तपासून घेतला आणि अहवालावर एनएबीएलचे चिन्ह असेल, तर त्यावर यूएलआर हा स्वतंत्र क्रमांक छापलेला आहे का ते पाहावे. तो प्रत्येक अहवालाला वेगळा असतो. प्रयोगशाळेचे नाव एनएबीएलच्या संकेतस्थळावर शोधता येते. तेथे मान्यतेची मुदत पाहावी आणि मान्यता कोणत्या तपासण्यांना आहे तेही पाहावे. पाण्याच्या तपासणीला मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला सिमेंटच्या तपासणीलाही ती असेलच असे नाही. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांना आयएसओ 15189 या दुसऱ्या मानकाप्रमाणे मान्यता मिळते. घरातील मुले-मुली अशा प्रयोगशाळेत नोकरीला असतील, तर त्यांना पासवर्ड कुणालाही देऊ नकोस म्हणून आजच बजावावे, मग मागणारा कितीही सिनियर असो.

अंबरनाथच्या भगिनींनी त्याच पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात गॅसच्या सिलिंडरच्या वजनाविषयीही विचारले आहे. त्याचे उत्तर पुढील खेपेस.