हिरवी तार कुठे आहे?

मंडळी, गणपतीला आमच्या घरी येणाऱ्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवते. या वर्षीही बेड्यापासून अंगणापर्यंतचे दिवे लागणार नाहीत. येताना बॅटरी आणा. त्या दिव्यांच्या फ्यूजचा किटकॅट मी काढून कपाटात ठेवला आहे आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. 'काकू हट्टी झाल्यात' असं पुण्या-मुंबईत बोललं जातंय म्हणे. म्हणून एकदा सविस्तर लिहितेच.

मी उजेडाच्या विरुद्ध नाही. आमचं घर रत्नागिरीकडचं. रस्त्यापासून घरापर्यंत 80 मीटरची वाट, दोन्ही बाजूंना आंबे आणि गवत. फुरशाचा मुलूख. सत्तरी उलटल्यावर त्या वाटेवर रात्री दिवा हवा असं मलाही वाटतं. म्हणूनच पुतण्याने मे 2024 मध्ये दहा लोखंडी खांब उभे केले तेव्हा मीच पहिला नारळ फोडला होता.

जुलैत आमचा गडी खांबाजवळचं गवत काढत होता. ओला हात खांबाला लागला आणि तो मागे फेकला गेला. पायात गमबूट होते म्हणून वाचला, असं तोच सांगतो. त्याच वाटेवरून आमची नात अनवाणी धावते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याहून परवाना असलेल्या एका जुन्या वायरमनला बोलावलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "बाई, हिरवी तार कुठे आहे?" हिरवी तार नव्हतीच! दोन तारांची साधी वायर झाडांना खिळे मारून नेलेली. सांध्यांना काळी चिकटपट्टी. पट्टीत पाणी शिरून करंट खांबात उतरलेला. फ्यूजमध्ये जाड तार घातलेली, ती कशाला वितळते!

मी मराठी माध्यमातली बी.ए. आहे, शाळेत भाषा आणि भूगोल शिकवला. विजेतलं मला काय कळणार? पण त्याने जे सांगितलं ते सातवीतल्या मुलालाही कळेल. फ्यूज किंवा एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवतात, माणसाला नाही. माणसाचा जीव घ्यायला त्यांना जाणवतही नाही इतका कमी करंट पुरतो. माणसासाठी आरसीसीबी लागतो, 30 मिलिअँपिअरचा. गेलेला आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो लाइन तोडतो. आणि खांबाला अर्थिंग हवं, म्हणजे गळणारा करंट त्या वाटेने जमिनीत जातो आणि कोणी हात लावायच्या आधीच लाइन बंद पडते. अर्थिंग नसेल तर खांब गुपचूप जिवंत राहतो आणि पहिला हात लावणारा माणूसच अर्थिंग होतो.

आता घरातले युक्तिवाद ऐका.

पहिला, "सगळीकडे असंच करतात." चाळीस वर्षं पेपर तपासले आहेत मी. सगळ्या वर्गाचं उत्तर एकसारखं चुकलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. सगळ्यांनी एकाचंच पाहून लिहिलं, एवढंच त्यातून कळतं.

दुसरा, "सोलरचे दिवे लावू." लावा की! पण आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. ज्या दिवसांत दिवा सगळ्यात जास्त हवा, त्याच दिवसांत तो विझलेला असणार.

तिसरा, "12 व्होल्टचे लावू, शॉकच नको." हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा. पण गणित करा. तीन-तीन वॅटचे दहा दिवे म्हणजे 30 वॅट, म्हणजे अडीच अँपिअर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून 80 मीटर जाऊन परत यायचं, तर शेवटच्या दिव्यापर्यंत अडीच व्होल्ट वाटेतच संपतात. बेड्याजवळचा दिवा मिणमिणणार. चार चौरस मिलिमीटरची तार घ्या, मग घट साधारण एका व्होल्टवर येते. तेवढी जाड तार घेणार असाल तर मी आजच किटकॅटवरचा हक्क सोडते. नाहीतर 230 व्होल्टच ठेवा, पण नीट करा : आर्मर्ड केबल, अडीच फूट खोल चर, खाली-वर वाळू, वर विटा, अर्थिंगचा खड्डा, पावसाचं पाणी न शिरणारे दिवे.

आणि चौथा, खरा युक्तिवाद : "जांभ्यात चर खणायचा खर्च फार येतो, काकू." येतो ना! कातळ आहे, पहार उसळते. पण बेड्याला नवं लोखंडी गेट बसवलं तेव्हा कोणी घासाघीस केली नव्हती. गेट दिसतं. चर बुजवला की दिसत नाही, अर्थिंग कोणाला दाखवता येत नाही. दिसेल त्यावर पैसे आणि जीव वाचवेल त्यावर काटकसर, या सवयीवर माझा राग आहे. पुतण्यावर नाही. तो गुणी आहे, घरावर माया आहे त्याची.

आणि ज्याचा हात लागतो तो बहुधा घरचा मालक नसतो. मालक दिवाळी-गणपतीला गाडीतून दिवे बघत येतो. पावसात गवत काढायला गडीच असतो. त्याला विचारून आपण वायर टाकतो का?

असो. चर खणा, हिरवी तार दाखवा, आरसीसीबीचं टेस्टचं बटण माझ्यासमोर दाबून दाखवा. त्याच संध्याकाळी दिवे लागतील, आणि पहिलं बटण आमचा गडी दाबेल. तोपर्यंत बॅटरी आणा, आणि वाटेत जपून पाय टाका.