रंगाखालची ओल

कोल्हापूरच्या पेठांतले एखादे जुने घर घ्यायचे, छप्पर बदलायचे, गिलावा-फरशी करायची आणि चार पैसे सुटतील अशा भावाने विकायचे, हा व्यवसाय नवा नाही. तो करणारे बहुधा छोटे ठेकेदार. भांडवल थोडे, कर्ज अधिक. या व्यवहारातला नफा भिंतींत नसतो, वेळेत असतो. काम लांबले की व्याज तो खाऊन टाकते. २०२० च्या महामारीने नेमकी ही वेळच हिरावून घेतली.

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागू झाली. कामे अर्ध्यावर थांबली. मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुटल्या आणि फरशी, रंग, सुतारकाम करणारे अनेक परप्रांतीय कारागीर गावी परतले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली खरी. पण हप्ता थांबला, व्याज थांबले नाही.

सप्टेंबरात राज्य शासनाने मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत ३ टक्क्यांनी, पुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत २ टक्क्यांनी कमी केले. बाजार हलला. मात्र मुदतीत घर विकायचे, तर काम उरकणे भाग होते. इकडे मजूर अपुरे आणि लोखंड महागलेले. अशा घाईत पहिला बळी जातो तो न दिसणाऱ्या कामाचा.

कोल्हापुरात हे न दिसणारे काम म्हणजे ओल काढणे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले होते. पुरात भिजलेली जुनी भिंत सुकायला महिने लागतात. त्याआधीच पुट्टी आणि रंग चढवला, तर घर नवे दिसते. पापुद्रे सुटतात ते विक्रीनंतर. जुलै २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ओसरलेली नसताना, पाणी पुन्हा ५५ फुटांपलीकडे चढले.

दोष एकट्या ठेकेदाराचा नाही; तोही व्याज आणि मुदत यांच्या कात्रीत होता. पण ग्राहकाला आधार कुणाचा? ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामाला 'रेरा'ची नोंदणी लागत नाही. पेठेतले एकटे घर त्या छत्राबाहेरच राहते. तेव्हा निदान पुराचे पाणी कुठवर आले होते, एवढी नोंद खरेदीखतात सक्तीची व्हावी. सवलतीची मुदत संपते. भिंतीतली ओल मात्र घर घेणाऱ्याच्या वाट्याला उरते.