भाव पाहण्यापूर्वी

घोड्यांच्या शर्यतीचा विषय येथे काढल्याबद्दल काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्यांच्यासाठी आरंभ शब्दापासूनच करू. 'हँडिकॅप' हा शब्द अदलाबदलीच्या एका जुन्या इंग्रजी खेळातून आला; 'टोपीत हात' हा त्याचा मूळ अर्थ. दोघांनी वस्तू बदलायच्या आणि कमी मोलाच्या वस्तूबरोबर वर किती रक्कम द्यायची, हे तिऱ्हाइताने ठरवायचे. शर्यतीत हा तिऱ्हाईत म्हणजे अधिकृत हँडिकॅपर. मागील कामगिरी पाहून तो प्रत्येक घोड्याला गुणांक देतो आणि त्यावरून वजन ठरते. उजव्या घोड्याला ६० किलो, तर डाव्याला ५१. जॉकी हलका असेल तर खोगिराबरोबर शिसे चढवतात. सगळे घोडे एकाच क्षणी अंतिम रेषा ओलांडतील, हे हँडिकॅपरचे स्वप्न. पैसे लावणाऱ्याने नेमके उलटे करायचे असते: ते स्वप्न कुठे फसले आहे, हे हुडकायचे.

हे वाचनच आहे, आणि तेही संहितेचे. रेसबुकात 'मागील शर्यतीत चौथा' एवढेच लिहिलेले असते. ती शर्यत १००० मीटरची होती काय? शेवटच्या टप्प्यात घोडा पुढे सरकत होता काय? तसे असेल तर आजच्या १४०० मीटरला तो चौथा क्रमांक त्याच्या बाजूने बोलतो. वजन तीन किलोने उतरले आहे काय, प्रतिस्पर्धी कोणत्या वर्गातले, सुटण्याची जागा आतली की बाहेरची, हेही पाहावे लागते. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला. तिथल्या ओल्या, मऊ जमिनीवर जिंकलेला घोडा जानेवारीत महालक्ष्मीच्या टणक हिरवळीवर तसाच धावेल असे नाही. संदर्भ सोडून ओळ उद्धृत करणाऱ्या समीक्षकाची जी गत होते, तीच इथे होते. फरक इतकाच की इथे निकाल दोन मिनिटांत लागतो. (आमच्या क्षेत्रात तो निवृत्तीनंतरही लागत नाही.)

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले. ते आम्हांस पटते. परंतु या कौशल्याचा जो अर्थ रेसवाले घेतात, तो अर्धाच आहे. कोणता घोडा जिंकेल हे ओळखणे म्हणजे हँडिकॅपिंग नव्हे. कोणाची शक्यता किती, हे बुकीच्या फळ्याकडे न पाहता स्वतः मांडायचे आणि मगच भाव पाहायचा. समान ताकदीचे सहा घोडे असतील, तर न्याय्य भाव एकास पाच. बुकी चार देतो. सहाही घोड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर साठ जातात आणि पन्नास परत येतात. त्यात लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. एवढी तूट भरून काढणारे वाचन किती जणांचे असेल? बहुतेक दिवशी या विद्येचे प्रामाणिक उत्तर 'आज लावू नये' हेच येते. ते उत्तर स्वीकारता येत नसेल, तर बाकीचे शिकणे फुकट आहे.

आम्ही हे अलिप्तपणे लिहीत नाही. आमच्यापैकी एकाचे वडील बँकेत कारकून होते. दर रविवारी महालक्ष्मीला जात. त्या घरातल्या पाटल्या दोनदा गहाण पडल्या, दुसऱ्यांदा त्या परत आल्या नाहीत. घरात समजूत अशी की त्यांना घोड्यांतले काही कळत नव्हते. गेल्या वर्षी माळ्यावरून त्यांच्या वह्या खाली काढल्या आणि आम्ही दोघांनी त्या तीन संध्याकाळी बसून वाचल्या. अंतर, वजन, जमीन, जॉकी यांची पेन्सिलीने केलेली बारीक टिपणे आहेत. एखाद्या संशोधकाला हेवा वाटावा अशी शिस्त आहे, आणि त्यांनी निवडलेले घोडे बऱ्याचदा जिंकलेलेही आहेत. भावाचा रकाना त्यांनी प्रत्येक पानावर पट्टीने आखला आहे. तो सगळीकडे कोरा आहे.