दिवसाची लाइट

जून 2025 मध्ये देशाने विजेच्या बाबतीत मोठा टप्पा गाठला. भारतातल्या सगळ्या वीजप्रकल्पांची स्थापित क्षमता तेव्हा 4 लाख 84 हजार मेगावॉटच्या वर होती आणि त्यातली निम्मी सौर, पवन, जल, जैवभार आणि अणुऊर्जेची होती. पॅरिस कराराखाली हे 2030 पर्यंत करण्याचा शब्द आपण दिला होता, तो पाच वर्षं आधीच पाळला गेला. मार्च 2014 मध्ये देशभरात मिळून सौरऊर्जा तीन हजार मेगावॉटसुद्धा नव्हती. जानेवारी 2025 मध्ये तिने एक लाख मेगावॉटचा आकडा ओलांडला. याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण त्याच्या शेजारी दुसरा आकडाही मांडायला हवा. 2024-25 या वर्षात देशात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत या सगळ्या स्रोतांचा वाटा साधारण पाव होता. उरलेली जवळजवळ सगळी वीज कोळशाचीच.

यामागे साधं गणित आहे. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला सोळा-सतरा लाख युनिट वीज देतो, कारण रात्र आणि ढग कुणाला चुकत नाहीत. तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच नीट चालला तर साठ लाखांच्या आसपास देतो. शिवाय दिवस मावळतो आणि घराघरांतली विजेची गरज नेमकी तेव्हाच वाढते. राजस्थानात 2025 मध्ये चालू सौर प्रकल्पांना भर दुपारी उत्पादन कमी करायला सांगावं लागलं, कारण वीज बाहेर नेणाऱ्या पारेषण वाहिन्या वेळेत उभ्या राहिल्या नव्हत्या. उन्हाची तयार वीज अशी वाया जाते, तेव्हा जीव हळहळतो.

साठवण हा एक उपाय आहे. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला आपल्याकडे 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज करायची. असे प्रकल्प आणि मोठ्या बॅटऱ्या आता भराभर लागतील. पण त्याहून स्वस्त उपाय आहे तो म्हणजे ऊन असेल तेव्हाच वीज वापरणं, आणि इथे महाराष्ट्राच्या हातात मोठी संधी आहे.

राज्यात शेतीपंपांचे 45 लाखांच्या आसपास ग्राहक आहेत. शेतीची थ्री फेज लाइट वर्षानुवर्षं पाळीपाळीने येत आली, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. थंडीच्या रात्री बॅटरी आणि काठी घेऊन गव्हाला दारं धरायला निघालेली माणसं मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पायाखाली साप, जुन्नर-शिरूरकडे उसात बिबट्या, ओल्या हातांनी चाचपडत मोटर सुरू करायची. त्यात माणसं गेली आहेत. पिकाला पाणी रात्रीच हवं असतं असं मुळीच नाही. रात्रीची पाळी आली ती विजेच्या सोयीसाठी.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा 2023 मध्ये आला. 16 हजार मेगावॉटचं उद्दिष्ट आहे. उपकेंद्राच्या जवळच लहान प्रकल्प उभारायचा आणि तिथल्याच शेती फीडरला दिवसा वीज द्यायची. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला या टप्प्यातला पहिला प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला, फक्त 3 मेगावॉटचा. माझ्या मते देशाच्या निम्म्या क्षमतेचा खरा अर्थ अशाच ठिकाणी कळतो. लांब वाहिन्या नकोत, साठवण नको; ऊन पडलं की मोटर चालू.

एक गोष्ट मात्र खटकते. अनेक ठिकाणी या प्रकल्पांसाठी गायरानं दिली जात आहेत. तिथे मेंढपाळांची आणि भूमिहीनांची गुरं चरतात. ग्रामसभेला विश्वासात न घेता ती जमीन घेतली, तर गावाचा या कामावरचा विश्वासच उडेल. खासगी जमीन भाडेपट्ट्याने देण्याची सोयही योजनेत आहे, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे. पडीक जमिनीच्या मालकांनी त्याचा विचार करावा.

तुमच्या पुढच्या ग्रामसभेत एवढं विचारा: आपल्या उपकेंद्राचा सौर प्रकल्प कुठवर आला, जागा कुणाची घेतली, आणि शेतीला दिवसाची लाइट कोणत्या महिन्यापासून मिळणार? उत्तर लेखी मागा.