दुकानासमोरचा टेम्पो आणि कार्बनचा धडा



'प्रदूषण : एक समस्या' हा निबंध आपण मुलांकडून दरवर्षी लिहून घेतो. वह्या तपासताना तीच वाक्यं भेटतात : कारखाने धूर सोडतात, गाड्या धूर सोडतात, आपण झाडे लावली पाहिजेत. त्यात चुकीचं काही नाही. पण कारखान्यातला माल दुकानापर्यंत येतो कसा, हा मधला रस्ता निबंधात कधीच नसतो. आणि खरं सांगू का, आपल्या कन्नडसारख्या गावात कार्बन कमी करायची हाताशी असलेली जागा तीच आहे. फक्त तिथे कंपनी आणि दुकानदार दोघांनी मिळून हात लावावा लागतो.

कोल्ड्रिंकची काचेची बाटली आठवून बघा. दुकानातच प्यायची आणि बाटली परत द्यायची. घरी न्यायची तर डिपॉझिट. रिकाम्या बाटल्यांचे क्रेट दुकानदार रचून ठेवायचा आणि भरलेले क्रेट उतरवणारी गाडीच ते परत न्यायची. तीच बाटली धुऊन पुन्हा पुन्हा भरली जायची. कार्बन हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. बाटली महाग म्हणून हे चालायचं. पण काच वितळवायचं इंधन वाचत होतंच की!

आता दुधाची पिशवी घ्या. 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशव्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेते यांच्यावर टाकली होती. पिशवीमागे किमान 50 पैसे परत द्यायचे, असं ठरलं होतं. तुमच्यापैकी किती जणांना ते 50 पैसे मिळाले? मला तरी नाही. कारण साधं आहे. वास मारणाऱ्या पिशव्या दुकानदाराने ठेवायच्या कुठे, त्या न्यायच्या कुणी, त्याला त्यात काय मिळणार, हे दोघांनी बसून ठरवलंच नाही. बाटलीच्या बाबतीत ते ठरलेलं होतं.

पिशवीपेक्षा मोठा हिशोब गाडीचा. तो वर्गात त्रैराशिकाने करता येतो. संभाजीनगर ते कन्नड साधारण 60 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 120. ट्रक लिटरला 5 किलोमीटर चालतो असं धरलं तर 24 लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की अंदाजे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका फेरीला जवळजवळ 65 किलो. गाडीत 400 खोकी असतील तर एका खोक्याच्या वाट्याला साधारण 160 ग्रॅम, आणि 200 च असतील तर 320. (अर्धी गाडी डिझेल थोडं कमी पिते, पण गणितापुरतं ते सोडून द्या.)

चाळीसगावकडून येणाऱ्या मालाचं तर विचारूच नका. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने औट्रम घाटातून जड वाहनं बंद झाली. घाटातली कोंडी ज्याने सोसली आहे तो त्याबद्दल तक्रार करणार नाही. पण जड ट्रकला वळसा पडला आणि डिझेल वाढलं. तो वळसा ना कंपनीला चुकतो ना दुकानदाराला. गाडी भरून आणणं तेवढं त्यांच्या हातात आहे.

मग गाड्या अर्ध्या का येतात? प्रत्येक कंपनीचा टेम्पो वेगळा, वार वेगळा. महिनाअखेर आली की सेल्समन "शेठ, टार्गेट आहे, एवढं घ्याच" म्हणत दारात उभा, आणि नंतर आठ-दहा दिवस ऑर्डरच नाही. दुकानदाराचं भांडवल कमी, म्हणून तोही थोडं थोडं मागवतो.

माझं मत असं, की एका रस्त्यावरच्या दुकानांचा एक वार ठरवावा, दोन-तीन वितरकांनी मिळून एक टेम्पो भरावा आणि परत जाताना त्यातच रिकामे क्रेट आणि खोकी न्यावीत. मात्र एक अट आहे. आठवड्याचा माल एकदम घ्यायचा तर दुकानदाराचे पैसे अडकणार. त्यामुळे कंपनीने उधारीची मुदत वाढवली पाहिजे. डिझेलचे वाचलेले पैसे कंपनीच्या खिशात आणि बोजा दुकानदारावर, याला मी तरी सहकार्य म्हणणार नाही.

अमेरिकेतल्या वॉलमार्टने 2017 मध्ये आपल्या पुरवठादारांना सोबत घेऊन 'प्रोजेक्ट गिगाटन' सुरू केला. 2030 पर्यंत पुरवठा साखळीतलं 100 कोटी टन उत्सर्जन टाळायचं, असं लक्ष्य होतं. ते गाठल्याचं कंपनीने 2024 मध्येच जाहीर केलं. आकडे पुरवठादारांनीच दिलेले, तेव्हा ते जरा जपून घ्यावेत. पण एवढं मोठं दुकान बोललं की कंपन्या ऐकतात, हे नक्की. आपल्या गल्लीतल्या किराणावाल्याचं एकट्याचं कोण ऐकणार? गावातल्या दुकानदारांनी एकत्र येऊन वार ठरवला, तर वितरकाला ऐकावं लागेल.

तुमच्या वर्गात दुकानदारांची मुलं असतीलच. त्यांना आठवडाभर एक तक्ता भरायला द्या : कोणत्या वारी कोणता टेम्पो आला, किती भरलेला होता, परत जाताना रिकामा गेला की काही घेऊन गेला. मग त्यांच्या वडिलांना किंवा आईला एक तास वर्गात बोलवा आणि तो तक्ता त्यांच्यासमोर ठेवा. टेम्पो अर्धा का येतो, हे ते आपल्या पाठ्यपुस्तकापेक्षा चांगलं सांगतील.