खरखरीत दंड आणि आमची घाई



कार्तिकी पौर्णिमा उलटली की आमच्या राजापेठेत दोन गोष्टी एकदम जाणवू लागतात. बडनेरा रस्त्याने कापसाच्या गाड्यांची ये-जा वाढते, आणि न्हाणीघरातील खोबरेलाची बाटली पहाटे थिजलेली सापडते. पावसाळाभर दमट असलेली वऱ्हाडची हवा अशी कोरडी होते की मोठ्यांच्या टाचा उलतात आणि लहानांचे गाल फुटतात. या स्तंभासाठी याच दिवसांत माताभगिनींची सर्वाधिक पत्रे येतात, आणि त्यांतील बऱ्याच पत्रांत एकच विचारणा असते: बाळाचे दंड खरखरीत लागतात, रव्यावरून हात फिरवल्यासारखे वाटते, काय लावावे?

या प्रश्नाला उत्तर देण्याचे मी दोन हिवाळे टाळले. ते द्यायचे तर आधी स्वतःची एक चूक सांगणे भाग होते.

माझी नात तेव्हा चार वर्षांची होती. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तिला उटणे लावताना दंडांच्या मागल्या बाजूस आणि मांड्यांवर बारीक बारीक दाणे हाताला लागले. खाज नाही, पाणी नाही, दुखणे नाही, केवळ खरखर. मी मनाशी ठरवले की हा मळ आहे, रंध्रे बुजली आहेत. दुसऱ्या दिवसापासून हरभऱ्याच्या डाळीचे पीठ घेऊन मी पोरीचे दंड रोज घासू लागले. आठवड्यात ते लाल झाले आणि न्हाणीघराचे नाव काढताच ती रडू लागली. सूनबाई एकदा हळूच म्हणाल्या, ‘आई, घासू नका.’ मी ऐकले नाही. उलट गरोदरपणात तुम्ही तूप नीट घेतले नाही, त्याचे हे फळ, असे चार बायकांत बोलून गेले.

मग मी औषधाच्या दुकानातून, कोणत्याही चिठ्ठीवाचून, एक मलम आणले. दुकानदार ओळखीचे, ‘खाज, खरूज, गजकर्ण, सगळ्यावर चालते’ म्हणाले. पाच-सहा दिवसांत कातडी अशी मऊ झाली की मी ते नातीच्या गालांवरही लावू लागले. महिना उलटला तेव्हा गाल सतत तांबूस राहू लागले, त्यांवर केसासारख्या लाल रेषा दिसू लागल्या, आणि एक दिवस जरी मलम चुकले तरी आग होऊ लागली. तेव्हा कुठे आम्ही त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हे कोणी आणले?’ सूनबाई खाली मान घालून बसल्या. मी आणले, हे मला सांगावे लागले.

त्या मलमात स्टिरॉइड होते, आणि सोबत बुरशीचे व जंतूंचे औषध मिसळलेले होते. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. योग्य रोगावर, योग्य ताकदीचे, मोजके दिवस वापरले तर ते मुलांना फार मोठा आराम देते. परंतु आमच्या नातीला जो विकार होता त्याला त्याची गरजच नव्हती. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे लावलेले औषध मोठ्यांपेक्षा अधिक प्रमाणात शरीरात शिरते. चेहऱ्याची कातडी तर मुळातच पातळ. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या दुरुपयोगाविरुद्ध स्वतंत्र कृतिदल नेमून आवाज उठवला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी लावायची स्टिरॉइड औषधे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. व्यापारी कुटुंबांत आपण परवाने आणि नियम इतरांपेक्षा बरे ओळखतो. पण गल्ल्यापलीकडचा माणूस ओळखीचा असला की चिठ्ठी मागितली जात नाही आणि दिलीही जात नाही, हेही आपणच जाणतो. नातीचे ते मलम सुटायला डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने लागले.

आता मूळ विकाराकडे वळते. त्याचे वैद्यकीय नाव केराटोसिस पिलॅरिस. आपल्या कातडीच्या वरच्या थरात केराटिन नावाचे कठीण द्रव्य असते. नखे आणि केसही त्याचेच. काहींच्या बाबतीत हे द्रव्य केसाच्या मुळाशी साचून बुचासारखे बसते आणि प्रत्येक रंध्रावर एक बारीक दाणा उभा राहतो. कधी त्या दाण्याखाली लहानसा केस गुंडाळून बसलेला असतो. दंडांची मागची-बाहेरची बाजू, मांड्या, आणि लहान मुलांत गाल, ही त्याची नेहमीची ठिकाणे. हवा कोरडी झाली की तो वाढतो, पावसाळ्यात पुष्कळदा मावळतो. ज्यांना दमा, सर्दी-शिंका किंवा इसब यांचा कल असतो त्यांच्यात तो अधिक आढळतो. तो मळाने होत नाही, रक्त ‘खराब’ झाल्याने होत नाही, आणि संसर्गाने पसरत नाही.

तो बहुधा घराण्यातून येतो. डॉक्टर बाईंनी हे सांगितले आणि सहज माझा हात पुढे घेऊन बाही वर सारली. माझ्या दंडावर तेच दाणे होते. कारंज्याला माहेरी असल्यापासून मी लांब बाह्यांची पोलकी घालत आले. त्याचे कारण मी कोणालाच, स्वतःलाही, कधी सांगितले नव्हते. घरी येऊन मुलाचा दंड पाहिला, त्यालाही तसेच. तुपाची गोष्ट मी पुन्हा काढली नाही. सूनबाईंनीही काढली नाही.

संसर्गाविषयी दोन शब्द अधिक लिहायला हवेत, कारण बालवाडीतल्या एका मातेने आपल्या मुलीला आमच्या नातीशेजारी बसू देऊ नये असे बाईंना सांगितले होते. ज्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले आणि त्यांच्यात राहून दाखवले, त्या गावात कातडीच्या दाण्यांनी बाक बदलावा याचे वाईट वाटले. कुष्ठरोगाचे चिन्ह बहुधा निराळे असते: फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्शाची संवेदना कमी असते. तसे काही दिसल्यास लपवू नये. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. खरखरीत दाण्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

केराटोसिस पिलॅरिस मुळासकट काढून टाकणारे औषध नाही, हे प्रथम स्वीकारावे लागते. पुष्कळांचे दाणे वय वाढेल तसे कमी होतात, काहींचे राहतात, आणि राहिले तरी अपाय नसतो. आपल्या हाती आहे ते कातडीचा ओलावा टिकवणे. आमच्या घरी आता स्नान पाच ते दहा मिनिटांत आटोपते आणि पाणी कोमट असते. बंबाचे कढत पाणी हिवाळ्यात सुखाचे वाटते, पण कातडीवरचा स्वाभाविक तेलकट थर तेच धुऊन नेते. साबण सौम्य, आणि तोही काखा, जांघा, पाय एवढ्यापुरता. दंड-मांड्यांवर नुसते पाणी पुरे. वजरी, काथ्या, डाळीचे पीठ यांना रजा. पंचाने पुसायचे नाही, टिपायचे. आणि कातडी जराशी ओलसर आहे तोच, दोन-तीन मिनिटांच्या आत, स्निग्ध मलम लावायचे. रात्री निजताना पुन्हा एकदा. ही वेळच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण मलम स्वतः ओलावा आणत नाही, असलेला ओलावा कोंडून ठेवते. वाळून खडखडीत झालेल्या कातडीवर महागडे मलमही अर्धेच काम करते.

काय लावावे? पातळ लोशनपेक्षा घट्ट क्रीम बरे, आणि सुगंध जितका कमी तितके चांगले. खोबरेल तेल बहुतेक मुलांना मानवते. फिलिपाइन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर झालेल्या एका चाचणीत ते खनिज तेलापेक्षा सरस ठरले. सूर्यफुलाच्या तेलाचाही अनुभव चांगला आहे. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते हळुवार लावले, तेव्हा रुग्णालयातील संसर्ग ४१ टक्क्यांनी कमी आढळला. हा अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मोहरीचे तेल मात्र नाजूक कातडीला चुरचुरते, ते टाळावे. युरिया किंवा लॅक्टिक आम्ल असलेली क्रीम दाणे मऊ करतात, पण फुटलेल्या कातडीवर झोंबतात. लहान मुलाला ती डॉक्टरांनी सांगितल्यावरच. सॅलिसिलिक आम्लाचे मलम दोन वर्षांखालच्या बाळाला मुळीच लावू नये.

आपल्या घरांतून आणखी एक प्रश्न हमखास येतो: मलमात प्राणिज काही आहे का? डबीवरचे घटक वाचण्याची सवय लावावी. पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून होते. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून निघते, ‘बीजवॅक्स’ म्हणजे मधमाश्यांचे मेण. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल वनस्पतीपासूनही होतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. डबीवर खुलासा नसेल तर कंपनीला पत्र लिहून विचारावे. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी बंद केली, आणि तशी चाचणी झालेल्या मालाची आयातही. ज्यांना या कशातच पडायचे नाही त्यांना साधे खोबरेल पुरे.

एक धोक्याची सूचना येथेच देते. पेट्रोलियम जेली असो वा तेल, ते कपड्यांत आणि पांघरुणांत मुरते, आणि असे कापड ज्योत लागताच साध्या कापडापेक्षा भराभर पेटते. मलम लावलेल्या मुलाला आरतीच्या ताटाजवळ, पणत्यांजवळ आणि शेगडीजवळ सांभाळा.

पाण्याविषयी अकोल्याकडच्या भगिनी फार विचारतात, आणि ते साहजिक आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील विहिरी-बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि अंगावर पांढरट थर राहतो. जड पाण्याच्या भागात मुलांचे इसब अधिक आढळते, असे इतर देशांतील पाहण्यांत दिसले आहे. यावर तोड म्हणून पाणी मृदू करणारे यंत्र घ्यावे असे आमच्या चिरंजीवांनी सुचवले होते, कोटेशनही आणले होते. परंतु इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांच्या घरी असे यंत्र बसवण्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि नेहमीच्या उपचारांहून अधिक फायदा त्यातून दिसला नाही. इसब आणि आपले दाणे एक नव्हेत, तरी एवढ्यावरून मी ते कोटेशन परत पाठवले. खाऱ्या पाण्याने स्नान अटळ असेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्यावेत आणि साबण कमी करावा.

आता आहार. दिसायला असाच, पण कारणाने वेगळा असा एक विकार आहे: फ्रिनोडर्मा. हे नाव ल्युशियस निकोल्स यांनी १९३३ मध्ये दिले. ग्रीक शब्दाचा अर्थ बेडकाची कातडी. यातले दाणे मोठे, टोकदार, आणि प्रामुख्याने कोपरांवर व गुडघ्यांवर येतात. तो कुपोषणाचा विकार आहे. आरंभी केवळ अ जीवनसत्त्वाला दोष दिला गेला. पुढे ब गटातील जीवनसत्त्वे आणि आवश्यक स्निग्धाम्ले यांच्याकडेही लक्ष गेले, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९८० च्या दशकात या स्निग्धाम्लांचा संबंध तपासला गेला. गंमत अशी की ही स्निग्धाम्ले ज्यांत भरपूर असतात ती करडई आणि जवस वऱ्हाडच्या जुन्या स्वयंपाकघरात कायम होती. जवसाची चटणी आमच्या ताटातून कधी नाहीशी झाली, ते मला सांगता येणार नाही.

खाऊनपिऊन सुखी घरातील मूल कुपोषित कसे असेल, असे वाटते. पण बिस्किटे, कुरकुरे आणि दूध एवढ्यावर दिवस काढणारी मुले मी सुखी घरांतच पाहिली आहेत. आपल्याकडे गाजर, रताळे वर्ज्य. चातुर्मासात अनेक घरी पालेभाजीही नाही. त्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण अ जीवनसत्त्व यकृतात काही महिने साठून राहते. इतर दिवसांत शेवग्याचा पाला, मेथी, पालक. ऋतूत आंबा, पपई. आणि लाल भोपळा, दूध, साजूक तूप असे मुलाच्या पोटात जात असले म्हणजे साठा राहतो. सरकारी कार्यक्रमात नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस देतात, एकूण नऊ. मुलाच्या कार्डावर त्यांची नोंद पाहावी. मात्र त्याउपर स्वतःच्या मनाने गोळ्या-थेंब देऊ नयेत. हे जीवनसत्त्व शरीरात साचते, आणि अतिरेक झाल्यास उलट्या, डोकेदुखी, यकृताला इजा, शिवाय कातडी आणखी कोरडी होते.

मूल संध्याकाळी अंधारात चाचपडू लागले, दाण्यांतून पू किंवा पिवळी खपली दिसली, रात्री खाज सुटून घरातील इतरांनाही खाज येऊ लागली, पायांवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे आले, किंवा भुवयांचे केस विरळ होऊ लागले, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडेच जावे.

नात आता सहा वर्षांची आहे. दाणे आहेत, हिवाळ्यात हाताला लागतात, श्रावणात जवळजवळ नाहीसे होतात. गालांवरच्या लाल रेषा फिकट झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. मलम ती स्वतः लावते, उजव्या दंडाच्या मागे हात पोचत नाही तेवढे माझ्याकडून लावून घेते, आणि मग माझी बाही वर सारून माझ्या दंडालाही बोटभर फासते.